खाडीची पुरवणी

खोली भाड्याने देताना डोंबिवलीत माणसं बरंच काही विचारतात. मासेमटण करणार का, लग्न कधी, कामावरून यायला किती वाजतात, भाऊ म्हणून कोण कोण येणार. बाईंच्या दारात उभी राहीपर्यंत मी बरीच घरं पालथी घातलेली, त्यामुळे सगळी उत्तरं तोंडपाठ होती. बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"नोकरी कुठे?"

"मानपाड्याला. औषधांची खोकी छापतात तिथे. मी डिझाइनला आहे."

बाई खुर्चीतून पुढे सरकल्या. "म्हणजे जाड पुठ्ठा असणार तुमच्याकडे. दोन मिलिमीटरचा?"

"असतो. कापून उरतोही बराच."

"मग राहायला कधी येतेस?"

मी कराडकडची. या भागात नवीन. मला वाटलं, बाईंना घरातलं काहीतरी सामान बांधायचं असेल. खरं कारण पहिल्या रविवारी कळलं. सकाळी पोहे झाल्यावर त्यांनी टेबल पुसलं, कोरडं केलं, मला साबणाने हात धुऊन यायला सांगितलं आणि कपाटातून एका खेळाचं खोकं काढलं. "बस," म्हणाल्या. "आजपासून रविवारी सकाळी तू इथे."

बाई भूगोलाच्या. इथल्याच एका शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. स्वतःच्या पगारावर डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतलेल्या. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. सगळी बिल्डिंग त्यांना बाई म्हणायची. गॅसवाला, इस्त्रीवाला, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले सोसायटीचे चेअरमनसुद्धा. चुकून कुणी काकू म्हणालंच, तर त्या शांतपणे सांगायच्या, "काकू नाही. बाई."

त्यांचं घड्याळ वेगळं होतं. आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची ड्रेनेजची पाइप सोडली तर पाण्याचा थेंब दिसत नव्हता, पण घरातली कामं भरती-ओहोटीवर चालायची. केस धुवायचे ते ओहोटीला. लोणचं घालायचं ते भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा खाडीचं पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पुनव-अवसेला उधाण, त्या दिवशी घरात कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. मी एकदा विचारलं, याचा काही उपयोग होतो का? म्हणाल्या, "उपयोग कसला? पाणी कुठे आहे हे माणसाला माहीत असावं."

नवीन टॉवरच्या जाहिराती आल्या की त्या खाली दिलेल्या नंबरावर फोन लावायच्या. "खाडीदर्शन फ्लॅट म्हणता, ते भरतीचं दर्शन की ओहोटीचं? ओहोटीला तिथे चिखल असतो, तो छापलेला नाही तुम्ही." पलीकडचा पोरगा गांगरून फोन साहेबांकडे द्यायचा. साहेबही गांगरायचा.

तर तो खेळ. त्यांचा एक जुना विद्यार्थी, निखिल, ठाण्याला राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. महिन्यातून एकदा तो आणि त्याची मित्रमंडळी एका हॉलमध्ये जमून बोर्डगेम खेळतात. एका गुरुपौर्णिमेला शाल-नारळाऐवजी त्याने बाईंना हे खोकं आणून दिलं. परदेशातला प्रसिद्ध खेळ आहे. पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे असतात, कुणावर शेत, कुणावर रस्ता, कुणावर तटबंदीचं शहर. आपली पाळी आली की पिशवीतून न बघता एक काढायचा आणि आधीच्या तुकड्यांना कडेला कड जुळवून लावायचा. रस्त्याला रस्ता, शेताला शेत. मग वाटलं तर आपलं लाकडी माणूस त्यावर उभं करून ती जागा अडवायची. असा टेबलावर हळूहळू एक मुलूख तयार होतो आणि ज्याने जास्त अडवलं तो जिंकतो. निखिलची मंडळी तुकड्यांना टाइल म्हणायची. बाई लादी म्हणायच्या, आणि लाकडी माणसांना गडी.

बाईंना खेळ बेहद्द आवडला. तक्रार एकच होती. "नदी बघ यांची. निळी पट्टी! एका कडेने आत येते, दुसऱ्या कडेने बाहेर जाते. चढत नाही, उतरत नाही, कुणाचं काही नेत नाही. याला पाणी म्हणतात?"

निखिल गंमतीत म्हणाला, "बाई, मग तुम्हीच बनवा ना एक्स्पान्शन. लोक बनवतात घरी. विकायचं नाही फक्त."

गंमतीतलं बोलणं बाईंना कळायचं नाही असं नाही. त्या ते मानायच्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. एक्स्पान्शन हा शब्द त्यांनी बाद करून टाकला. "मूळ पेपर त्यांचा. आपण जोडतोय ती पुरवणी."

मी राहायला गेले तोवर पुरवणीचा पहिला खर्डा तयार होता. खाडीच्या लाद्या. मध्ये पाणी, दोन्ही बाजूंना भरतीला बुडणारं खाजण, कुठे मिठागर, कुठे तिवरांचं रान, कुठे भाताचं शेत. पिशवीतून चंद्राची लादी निघाली की उधाण, आणि उधाण आलं की खाडीला लागून असलेली सगळी शेतं पाण्याखाली. ज्याचे गडी तिथे, त्याचे गेले. चित्रं बाईंनी स्वतः काढलेली, रंगीत पेन्सिलींनी, भूगोलाच्या वहीत काढतात तशी स्वच्छ. मी ती स्कॅन करून, जुळवून, आमच्या छापखान्यात शेठना सांगून उरलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापून आणली. मला वाटलं, झालं काम.

बाईंनी डोळे मिटले, पिशवीत हात घातला आणि एकेक लादी बाहेर काढायला लागल्या. "तुझी. तुझी. त्यांची. तुझी. त्यांची." एकही चुकल्या नाहीत. "कोपरे टोचतात तुझ्या लाद्यांचे. बोटाला कळतं. असं असेल तर खेळणारा पाहिजे ती ओढील."

"बाई, त्यांचे कोपरे झिजलेले आहेत. इतकं खेळलायत तुम्ही."

"मग?"

तो सगळा ढीग परत गेला. दुसरा आला, तोही ओळखू आला. तिसऱ्याच्या वेळी मी कामावरून आले तर बाई बाल्कनीत पॉलिश पेपर घेऊन बसलेल्या, आणि नव्या लाद्यांबरोबर मूळ खेळातल्याही सगळ्या लाद्यांचे कोपरे घासत होत्या. निखिल नेमका त्या दिवशी आला. परदेशातून मागवलेल्या खेळाची ती दशा बघून त्याने कपाळाला हात लावला.

"बाई, ओरिजिनल का घासताय?"

"जुने आणि नवे वेगळे ओळखू येता कामा नयेत. वर्गात नवीन मूल आलं की मी काय करायचे?"

"त्याला आमच्यात बसवायचात."

"आणि तुम्हाला थोडं सरकवायचे," बाई म्हणाल्या आणि घासत राहिल्या.

रविवारच्या बैठकीचे कायदे कडक होते. टेबलावर वेफर्स नाहीत, तेलकट बोटं लागतात. चिवडा चालेल, पण चमच्याने. फोन स्वयंपाकघरात. खेळ संपल्यावर प्रत्येकाने सांगायचं, कुठे कंटाळा आला. छान वाटलं, मजा आली, असलं बोललेलं त्यांना खपायचं नाही. "हरलीस त्याचं मला काही नाही. कंटाळलीस कुठे ते सांग." आणि आपण सांगितलं की ती जागा त्या खरोखर खोडून टाकायच्या, मग त्यात महिनाभराचं काम का असेना. मी पुढे पुढे सांगायला घाबरायला लागले. ते त्यांनी ओळखलं. "माझी गय करू नकोस हं," म्हणाल्या. "मी पेपर तपासताना कुणाची केली नाही."

पहिली खरी परीक्षा ठाण्याला झाली. निखिलच्या हॉलमध्ये बाई इस्त्रीची साडी नेसून, खोकं मांडीवर घेऊन बसल्या. चार पोरांना खेळायला बसवलं. अर्ध्या तासात उधाण आलं आणि तिघांची शेतं गेली. परत मांडली, परत उधाण आलं, परत गेली. दाढीवाला एक मुलगा होता, चांगला खेळणारा. त्याने हातातली लादी खाली ठेवली.

"काकू, सॉरी हां, पण हा गेम नाहीये. पनिशमेंट आहे. मी काहीही करू दे, पाणी येणार नि घेऊन जाणार. मग मी खेळू कशाला?"

"काकू नाही. बाई," त्या म्हणाल्या. "कितव्या उधाणाला असं वाटलं?"

"पहिल्याच."

बाकीच्या तिघांनीही माना डोलावल्या. खेळ अर्ध्यावर सोडून ते दुसऱ्या टेबलावर गेले. बाईंनी लाद्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या, मोजल्या आणि उठल्या. निखिल मागे मागे आला. "बाई, मनाला लावून घेऊ नका, तो बोलतो असंच."

"तो बरोबर बोलतोय. तू मागे मागे येऊ नकोस, तुझी माणसं बसलीत."

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसलेल्या. शीळफाट्याला ट्रॅफिक तुंबलं, बसचं इंजिन बंद झालं, तशा एकदम बोलल्या. "पाणी येतं ते मी दाखवलं. पाणी अडवतात ते कुठे दाखवलं? बांधच नाही माझ्या खेळात. बांध कसा विसरले मी?"

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या गावाचं कळलं. डोंबिवलीहून रिक्षाने तासाभराच्या आतलं, खाडीकाठचं गाव. त्यांच्या वडिलांची तिथे खारजमीन होती, म्हणजे खाडीच्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली भातशेती. मातीचा लांबच लांब बांध, त्याला पाणी सोडायची लाकडी दारं, त्यांना उघाडी म्हणतात. उधाणाच्या पाण्याने बांध फोडला की म्हणायचं, खांड गेली. खांड गेली आणि खारं पाणी शेतात राहिलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा. बाई हे सगळं शिकवल्यासारखं सांगत होत्या. मी विचारलं, "आता कोण असतं तिकडे?" त्या म्हणाल्या, "भाऊ असतो," आणि बस सुरू झाली.

बाकीचं मला शेजारच्या वहिनींकडून कळलं. वडील गेल्यावर थोरल्या भावाने आपल्या वाटणीच्या शेतात भराव घालायला दिला. आता तिथे गोदामं आहेत. बाईंनी आपली वाटणी दिली नाही. त्यांच्या तुकड्यात तिवरं माजलीत. त्यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. बाईंच्या या घराची वास्तुशांत झाली तेव्हासुद्धा भाऊ आला नाही. इतक्या वर्षांत त्याने हा जिना चढलेला नाही, आणि बाईंनी गाव बघितलेलं नाही.

पुढचे काही महिने बांधात गेले. बाईंनी बांधाच्या लाद्या केल्या. ज्याने आपला गडी बांधावर उभा केला त्याचं शेत वाचणार. खेळून बघितलं. जो तो आपापल्यापुरता बांध धरून बसायचा आणि खेळ बँकेच्या रांगेसारखा व्हायचा. कंटाळा कुठे आला, हे सांगायला मी तोंड उघडायच्या आत बाईंनी लाद्या उचलल्या. "असं नव्हतं ते. आपापलं नव्हतं. पण कसं होतं, आठवत नाही गं. मी लहान होते. बांधावरून हाक यायची एवढं आठवतं. हाक आली की आबा, म्हणजे माझे वडील, ताटावरून उठायचे. पण कुणी कधी जायचं, न गेलेल्याचं काय व्हायचं, ते मला नाही माहीत."

त्यांनी पुस्तकं आणली. पाटबंधाऱ्यातल्या एका निवृत्त साहेबांना घरी बोलावून चहा पाजला. साहेबांनी बांधाची उंची-रुंदी सगळं सांगितलं, पण बाईंना पाहिजे होतं ते त्यात नव्हतं. मी म्हटलं, "बाई, हा खेळ आहे. आपण नियम बनवू शकतो ना मनाने?"

"मनाने बनवलेला पहिला कसा झाला, बघितलास ना?"

मग एका रविवारी पोहे न करताच त्या साडी नेसून तयार. "अष्टमी आहे. भांगाचं पाणी. चल."

"कुठे?"

"दादाकडे. मला नियम पाहिजे."

रिक्षात त्यांनी खोकं दोन्ही हातांनी धरलेलं. आम्ही पोचलो तेव्हा मला गाव असं दिसलंच नाही. गोदामांच्या निळ्या पत्र्यांच्या भिंती, कंटेनरचे ट्रक, आणि त्यांच्या मधोमध अचानक एक कौलारू घर, ओटा शेणाने सारवलेला. ओट्यावर एक म्हातारा गुडघ्याला तेल चोळत बसलेला. बाईंसारखीच उंची, बाईंसारखंच नाक. त्याने मान वर केली, बघितलं आणि परत गुडघा चोळायला लागला.

बाई ओट्याच्या कडेला बसल्या. कशी आहे तब्येत, वगैरे काही नाही. खोकं उघडून लाद्या मांडायला लागल्या.

"दादा, खांड गेली की आधी कोण जायचं?"

आतून म्हाताऱ्याची बायको आली, बाईंना बघून दारातच थबकली, मग डोळ्यांना पदर लावून पाणी आणायला पळाली.

"यो काय हाय?" शेवटी तो लाद्यांकडे बघत म्हणाला.

"खेळ आहे."

"या वयान?"

"वयाचं मी विचारलं नाही. खांड गेली की कोण जायचं ते विचारलं."

"सगली जायची," तो म्हणाला. "हाक आयली का घरामागं एक गडी. ज्याचा शेत त्यानाच जावाचा, असा नव्हता. शेत नसंल त्यानापन."

"आणि एखादा नाही आला तर?"

"मंग त्याचे घराशी कोन बोलाचा नाय. पुढचे उधानापरत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. तिथल्या तिथे नियम बदलला. चंद्र निघाला की हाक. हाक आली की प्रत्येकाने एक गडी बांधाला द्यायचा, शेत असो-नसो. एकाने जरी दिला नाही तरी खांड जाणार, आणि न देणाऱ्याच्या लादीला पुढच्या उधाणापर्यंत कुणी लादी लावायची नाही.

"बस, खेळून बघू."

"मना नाय येत."

"मीही आता शिकतेय. बस."

आम्ही तिघं खेळलो. म्हातारा बघता बघता तरबेज झाला. लादी हातात आली की ती डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि चित्रांतल्या चुका काढायचा. "ही उघाडी उलटी काढलंस. दार भायेरशी मिटतंय, आतशी नाय." बाई म्हणाल्या, चित्र बरोबर आहे, मी पुस्तकात बघितलंय. दोघं उघाडीवरून इतके भांडले की पलीकडच्या गोदामातला वॉचमन डोकावून गेला. म्हाताऱ्याच्या बायकोने आमच्यासमोर चहा आणून ठेवला आणि ती खांबाला टेकून नुसती दोघांकडे बघत राहिली.

खेळ संपत आला तेव्हा पिशवीतून चंद्राची लादी निघाली. बाईंनी गडी दिला, मी दिला. म्हाताऱ्याचे सगळे गडी एका मोठ्या शहरात गुंतलेले. एक काढला तर शहर मोडणार. तो बराच वेळ टेबलाकडे, म्हणजे ओट्यावर मांडलेल्या त्या मुलखाकडे बघत राहिला.

"नाय देत," म्हणाला.

खांड गेली. सगळ्यात जास्त शेतं बाईंची होती, ती गेली. बाईंनी आपले गडी एकेक करून उचलले.

"का नाही दिलास, दादा?"

"मानसां अडकली होती माजी."

मग तो लाद्यांवरची नजर न काढता म्हणाला, "तवापन अडकलीच होती, बाय. सगल्यांची. पोरां कंपनीन, रिक्षावर. खांड गेली तवा मी हाक मारली. बांधावर मी न् तुजी वयनी, दोघांच. तुना निरोप धाडलेला. तू म्हनलीस, परीक्षा हाय, सुट्टीन येतंव." त्याने एक लादी उचलली, परत होती तिथे ठेवली. "सुट्टी लागेपरत पानी तीन उधानां आत येऊन गेलता. जमीन खारी झाली. मंग भराव घातला. भरावानी नाय मेली ती. आधीच मेलेली."

बाई हलल्या नाहीत. ओट्यावर मांडलेल्या मुलखावर दोन्ही हात टेकून बसल्या होत्या, सारवणाकडे बघत. मला वाटलं त्या रडतील. मला वाटलं त्या उठून निघतील. शेजारच्या गोदामात ट्रक मागे घेत होते, त्याचा पीप-पीप आवाज बराच वेळ येत राहिला.

"निरोप आलेला," बाई शेवटी म्हणाल्या. "दहावीचा वर्ग होता माझ्याकडे. मला वाटलं, तू आहेस तिथे."

"व्हतो ना. मी व्हतो."

"इतकी वर्षं बोलला का नाहीस हे?"

"तू इचारलास कवा? तू आयलीस ती भरावाला सही देनार नाय, सांगाया आयलीस."

बाईंनी नाक पुसलं. मग खोडरबर मागितल्यासारखा माझ्यापुढे हात केला. "पेन दे." मी दिलं. पुठ्ठ्याच्या तुकड्यामागे लिहीत त्या मोठ्याने म्हणाल्या, "नियम अर्धा आहे. जो गडी देत नाही त्याला आधी विचारायचं, का नाही दिलास. त्याने कारण सांगायचं. बाकीच्यांना पटलं, तर त्याला शिक्षा नाही."

"आन खांड?" म्हाताऱ्याने विचारलं.

"खांड जाणारच. पाण्याला कारण कळत नाही. पण माणसांना कळायला पाहिजे."

"बरा हाय," म्हातारा म्हणाला. "पन उघाडी उलटीच हाय."

परत निघताना त्याने बाईंना ये म्हटलं नाही, आणि बाईंनी त्याला घरी ये म्हटलं नाही. त्याच्या बायकोने सुक्या जवळ्याची पुडी माझ्या हातात कोंबली. रिक्षात बाई पूर्ण वेळ दुसऱ्या बाजूला तोंड करून बसल्या. घराशी उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "उघाडीचं चित्र बदलावं लागेल. त्याचं बरोबर आहे."

त्यानंतर बाईंना मी दर रविवारी त्याच हट्टाने खेळवताना पाहिलं, पण काहीतरी सैल झालं होतं. जाहिरातवाल्यांना फोन करणं कमी झालं. कधी कधी खेळ मांडून, मी हात धुऊन येईपर्यंत, त्या उघाडीची लादी हातात घेऊन बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "मी मुलांना किनारे शिकवले. सगळे किनारे. नॉर्वेचे सुद्धा." आणि मग, "चल, लादी काढ."

लाद्या परत छापल्या, परत कापल्या, परत कोपरे घासले. पावसाळा संपता संपता आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो. तोच हॉल, तोच दाढीवाला. त्याला बाईंनी हाताला धरून बसवलं. "आज कंटाळलास तर मी पुरवणी फाडून टाकीन. पण खरं सांगायचं."

पहिली हाक आली, चौघांनी निमूट गडी दिले. दुसऱ्या हाकेला दाढीवाल्याने दिला नाही. खांड गेली, बाकी तिघं ओरडले. बाईंनी नियमाप्रमाणे कारण विचारायला लावलं.

"माझ्या गड्याला वर्क फ्रॉम होम आहे," तो म्हणाला.

सगळं टेबल खो-खो हसलं. पण मत द्यायची वेळ आली तेव्हा कुणालाच ते पटलं नाही, आणि त्याची लादी एकटी पडली. कुणी शेजारी काही लावेना. थोड्या वेळाने त्याचं हसणं थांबलं. पुढच्या उधाणाला हाक आली तेव्हा सगळ्यात आधी त्यानेच गडी दिला, आणि त्याच्या शेजारच्या मुलीकडे द्यायला गडी उरला नव्हता. ती म्हणाली, "माझे सगळे मागच्या बांधावर गेले ना, परत आलेच नाहीत अजून." कुणी हसलं नाही. तिला सगळ्यांनी शिक्षेतून सोडलं, दाढीवाल्याने सुद्धा. बाजूच्या टेबलांवरची मंडळी आपले खेळ टाकून उभी राहून बघत होती. बाई मात्र भिंतीशी, हाताची घडी घालून, परीक्षेच्या हॉलमध्ये उभ्या असतात तशा.

खेळ संपल्यावर त्यांनी दाढीवाल्याला विचारलं, "कंटाळलास कुठे?"

तो म्हणाला, "नाही कंटाळलो, बाई. पण त्या लादीचं लागलं राव मला."

बाईंनी मान हलवली. एवढ्यावर त्यांनी पुरवणी पास केली.

निखिलने ती खेळणाऱ्यांच्या एका संकेतस्थळावर फुकट ठेवायचं ठरवलं. ज्याला पाहिजे त्याने घरी छापून घ्यावी. नियमांचं पान मी लावलं, मराठीत आणि इंग्रजीत. शेवटी कर्त्याचं नाव घालायचं होतं. बाईंनी दोन नावं लिहून दिली. आधी भावाचं, मग स्वतःचं.

"त्यांना विचारलंत?"

"नियम त्याचा आहे. विचारायचं काय?"

पान छापून त्यांनी एक प्रत गावी पाठवली, एका रिक्षावाल्याबरोबर, जो त्यांचा विद्यार्थी होता. मग वाट बघत नाही असं दाखवत दोन दिवस घरात वाट बघितली. तिसऱ्या दिवशी, रविवार होता, आम्ही नुकत्या लाद्या मांडल्या होत्या, स्वयंपाकघरात ठेवलेला फोन वाजला. खेळताना फोन उचलायचा नाही हा कायदा मोडून बाई उठल्या.

पलीकडचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. "माजा नाव काड त्यांशी! लोकां हसतील. म्हनतील, यानीच भराव घातला न् योच बांधाचा खेल करतंय."

"काढणार नाही."

"काड सांगतंय तुना!"

"दादा, छापून झालंय. लोकांनी घेतलं पण. काढत नाही."

"मी येतंय थय! कंचा माला हाय तुजा?"

"तिसरा," बाई म्हणाल्या. "जिन्याला कठडा आहे. सावकाश चढ. वहिनींना घेऊन ये."

फोन ठेवून त्या तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारावी की नाही, कळेना. मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि ताटात तांदूळ ओतले, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त.

"लाद्या राहू देत तशाच," म्हणाल्या. "भात लावते. दादा भांडायला येतोय."